पिवळ्या रेलिंगची गाडी

सिग्नलला थांबले की मी आता फक्त समोर बघते. बाजूला पाहिलं की कोणाचा तरी मोबाइल आमच्याकडे वळलेला असतो, आणि नजर मिळाली की तोंड उघडतं. "दीदी, ये कौन सा मॉडल है?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की नुसत्या आवाजावरून त्यामागून येणारा विनोद मला कळतो. सुरुवातीला मी उत्तरं द्यायची. सरळ उत्तर दिलं तर हसायचे, वाकडं दिलं तर आणखी हसायचे, गप्प बसलं तर म्हणायचे, "मैडम को घमंड है." शेवटी मी ठरवलं की कोणाला काही सांगायचंच नाही. पण डोकं फिरायचं ते फिरतंच.

गाडी म्हणजे माझीच जुनी स्कूटर. तिच्या डाव्या अंगाला लोखंडी चौथरा जोडलेला, चौथऱ्याखाली एक चाक, वर एक खुर्ची, खुर्चीसमोर पाय लांब करायला फळी. आणि या सगळ्याभोवती, चढण्यापुरती एक जागा सोडून, कमरेइतकं उंच रेलिंग, पिवळं धमक. त्या खुर्चीवर माझी आई बसते.

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तो गुडघा वाकेनासा झाला. पाय सरळचा सरळ राहतो. उभी राहते, काठी घेऊन घरात हिंडते, पण बसताना पाय समोर पसरावा लागतो. स्कूटरवर बसणं संपलं. ऑटोत बसली की पाय बाहेर, ई-रिक्षात बसली की पाय समोरच्याच्या मांडीत. एकदा एका बाईने तोंड वाकडं करून तिचा पाय आपल्या हाताने बाजूला सारला. त्या दिवसानंतर आई म्हणाली, "मी नाही जात आता कुठं."

आम्ही राहतो खुर्सीपारला, हिंदी मुलखातल्या एका स्टील प्लांटच्या वस्तीत. आईचं माहेर चरोद्याचं, रेल्वे कॉलनीतलं. तिचे वडील भंडाऱ्याहून येऊन यार्डात लागले होते. चरोद्याच्या विहारात दर वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं, आणि ते वाचन माझी आई करते. लग्न होऊन खुर्सीपारला आली तरी तिने ते सोडलं नाही. चौथी शिकलेली बाई, पण पांढरी साडी नेसून पाटासमोर बसली आणि वाचायला लागली की मागच्या भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा माइक लागायचा नाही. घरात तिचं कोणी फारसं ऐकत नाही, मी तर नाहीच. तिथे मात्र चाळीस-पन्नास माणसं खाली मान घालून ऐकतात. विहाराचा एक नियम आहे की आषाढीला जो वाचायला बसेल त्यानेच समाप्तीपर्यंत वाचायचं. मधे कोणी बसत नाही, आणि एकदा उठलेला त्या वर्षी परत बसत नाही. म्हणून ती जाणार की नाही हा आमच्या घरात साधा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न बाबांनी अंगावर घेतला. बाबा प्लांटमधून रिटायर झालेले फॅब्रिकेटर. सगळी नोकरी त्यांनी प्लॅटफॉर्म, जिने आणि रेलिंगं करण्यात घालवली. मशीनभोवती, टाकीवर, क्रेनच्या रुळांशेजारी, जिथे म्हणून माणूस उभा राहणार तिथे त्याने पडू नये म्हणून लोखंड लावायचं, हे त्यांचं काम. रिटायर होऊनही सवय गेली नाही. आमच्या गच्चीला दोनदा रेलिंग झालं आहे.

त्यांनी एका वेल्डिंगच्या दुकानात मालकाशी बोलून एक कोपरा मिळवला आणि तिथे जवळजवळ महिनाभर बसले. आईला खुर्चीवर बसवून तिच्या पायाचं माप घेतलं. बसताना तिला किती खाली जावं लागतं ते खडूने भिंतीवर मांडलं. चौथऱ्याची उंची अशी ठेवली की तिने पाठ करून उभं राहावं आणि नुसतं टेकावं, वाकायचं काम नाही. हे मी आज सांगू शकते. तेव्हा माझं लक्ष फक्त रेलिंगकडे होतं.

"बाबा, हे काऊन लावलं?"

"रेलिंगशिवाय प्लॅटफॉर्म पास होत नाही."

"हा प्लॅटफॉर्म नोहे. गाडी होय."

"मानूस जमिनीवून वर बसला म्हणजे प्लॅटफॉर्मच झाला," बाबा म्हणाले. "वरचा पाइप हाताले. मधला पाइप पाहिजेच, नाही तं मानूस खालून घसरते. आन् खाली पायापाशी ही पट्टी."

तीनही गोष्टी त्यांनी लावल्या. रंग पिवळाच दिला, कारण रेलिंग पिवळंच असतं, दुसरा रंग त्यांच्या मनातसुद्धा आला नाही. वर छप्पर टाकायचं म्हणून ते टेप घेऊन आले तेव्हा मी खरोखर हात जोडले. पावसात छत्री धरू म्हटलं.

आणि सगळं वेल्डिंगने जोडलेलं. नट-बोल्ट लावले असते तर मला एकटीला जाताना ते काढून ठेवता आलं असतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, बोल्ट ढिले होतात.

पहिल्यांदा चालवून पाहायला आम्ही आषाढीच्या दोन आठवडे आधी निघालो. आई बसली, बाबा मागून सायकलवर. चरोद्याच्या वाटेवर रेल्वेचा पूल लागतो. पुलाच्या चढावर अर्ध्यात स्कूटर कण्हायला लागली, मग थांबली, मग हळूहळू मागे सरकायला लागली. मी दोन्ही ब्रेक दाबून किंचाळले. चार-पाच जणांनी धावत येऊन गाडी धरली, ढकलत वर चढवली, आणि ढकलता ढकलता पोट धरून हसले. मागे ट्रक, बस, सगळे हॉर्न देत उभे. बाबांनी तळाला पाच एमएमची जाळीदार प्लेट टाकली होती, प्लांटच्या जिन्यांना असते ती. माणूस पडला तर किती जोर येईल याचा हिशेब त्यांनी दुप्पट धरला होता. ओढणाऱ्या स्कूटरचा धरलाच नव्हता. जिथे वजन उचलायला क्रेन येते अशा जागी आयुष्य काढलेल्या माणसाचीच ही चूक.

"प्लेट काढतो," बाबा म्हणाले. "लाकडाची फळी टाकतो."

"रेलिंग काढा," मी म्हटलं.

"रेलिंग निघनार नाही."

प्लेट निघाली, फळी आली, गाडी पूल चढायला लागली. पण त्या दिवशी पुलावर कोणीतरी व्हिडिओ काढला होता. आई पांढऱ्या साडीत, पिवळ्या रेलिंगमधे, दोन्ही हातांनी वरचा पाइप धरून बसलेली, आणि मागून लोक ढकलताहेत. त्यावर कोणीतरी ओरडतो, "भारत माता की," आणि ढकलणारे सगळे म्हणतात, "जय." बस. एवढाच व्हिडिओ. तो दोन दिवसांत आमच्या गल्लीत आला, तिसऱ्या दिवशी मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथल्या स्टाफच्या ग्रुपवर. खाली हसून लोळणारी तोंडं. एका मॅडमनी मला बोलावून विचारलं, "यह आपकी मम्मी हैं? कितनी क्यूट लग रही हैं." मी हसले. का हसले, याचा मला आजही राग येतो.

मग रोजचं सुरू झालं. शाळेत जाताना खुर्ची रिकामी, म्हणून आणखी विनोद. "मैडम, पावर हाउस चौक तक छोड़ दो, सीट तो खाली है." आई असली तर, "अम्मा की पेशी है क्या आज?" आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केल्यासारखी दिसते म्हणून. भाजीवाल्या म्हातारीने एकदा पाइपावर हात फिरवून विचारलं, "ये का गाड़ी हरे बेटी?" आणि उत्तराची वाट न बघता शेजारणीला कोपर मारलं. ट्रॅफिकवाल्याने एकदा अडवलं. मला वाटलं, चला, चालान फाडेल, गाडी बंद करेल, सुटले. त्याने दुसऱ्या शिपायाला बोलावलं, दोघे गाडीभोवती फिरले, रेलिंग हलवून पाहिलं, हसले, आणि जाऊ दिलं. इतका अपमान माझा चालानने झाला नसता.

आणि आई? आई रेलिंग धरून रस्ता बघत बसायची. कोणी हात केला तर तीही हात करायची. "ते चिडवून राहिले तुले," मी म्हणायची. "चिडवू दे न," ती म्हणायची. मला वाटायचं तिला कळतच नाही.

आषाढी पौर्णिमा आली. मी ठरवून ठेवलं होतं. रस्त्यावरची माणसं अनोळखी, त्यांनी हसावं. पण विहारातल्या बाया आम्हाला ओळखतात, आणि तो व्हिडिओ अजून त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. माझं लग्न मोडलं तेव्हा काय काय बोलल्या होत्या तेही मला माहीत आहे. त्यांच्यासमोर ही गाडी घेऊन थांबायचं आणि आईला त्या पिंजऱ्यातून उतरवायचं, हे मला होण्यासारखं नव्हतं. विहाराच्या आधी एक वळण आहे, तिथे पाण्याची टाकी. टाकीच्या आड मी गाडी लावली.

"इथं काऊन?" आईने विचारलं.

"समोर चिखल हाय. गाडी जड, रुतून बसंल. दोन पावलं चाल न, डॉक्टरनं चालाले सांगितलंच हाय."

दोन पावलं नव्हती ती. मी नंतर मोजली, अडीचशेच्या वर भरली. तो न वाकणारा पाय बाजूने फेकत, एका हातात काठी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर, ती चालायची. पावसात एका हातात छत्री मी धरायची. फाटकाशी पोचेपर्यंत तिचा ब्लाउज घामाने भिजायचा. लगेच बुद्धवंदना, मग पाटासमोरच्या खुर्चीवर बसून वाचन.

चिखल पहिल्या आठवड्यात होता. दुसऱ्या आठवड्यात कडक ऊन पडलं, गल्ली खडखडीत वाळली. तरी मी टाकीपाशीच थांबायची. आईने पुन्हा विचारलं नाही. मी समजले, पटलं तिला.

घरी परतलो की बाबा दारातच असायचे. पहिल्यांदा खाली वाकून जोड पाहायचे, मग विचारायचे, "कोनी काही म्हटलं का गाडीबद्दल?"

"चांगली हाय म्हणे," आई सांगायची. "सगळ्या बाया पाहून गेल्या."

रोज तिने नवं काहीतरी सांगितलं. एकदा म्हणाली, विहाराच्या अध्यक्षांनी हात लावून पाहिला. एकदा म्हणाली, एका बाईला तिच्या सासूसाठी अशीच पाहिजे. बाबा जेवताना जरा जास्त जेवायचे. मी ताटाकडे बघत बसायची. नवऱ्याचं मन राखते आहे, इतकंच मला वाटायचं.

तिकडे वाचन बिघडत चाललं होतं. मी मागे बसायची, माझ्या लक्षात येत होतं. एक वाक्य म्हणायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा ओळ शोधायची. शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात. पुढे बसलेले कान पुढे करायचे, मागचे आपसात बोलायला लागले. मला आईचाच राग यायचा. नीट वाच न, असं मनात म्हणायची. वय झालं, असंही म्हणून टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात महिला मंडळाच्या सचिव बाईंनी वाचन संपल्यावर मला व्हरांड्यात गाठलं. वयाने माझ्याएवढ्याच, शांत बोलणाऱ्या.

"ताई, राग मानू नका. आईले दम लागून राहिला. लोकांले ऐकू येत नाही. ग्रंथाचा समोरचा भाग मोठा आहे. उद्यापासून दुसरी बाई वाचंल, आई सामोर बसतील. आम्ही सगळ्यांनी विचार करूनच ठरवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर रस्त्यावर गिळलेलं सगळं मी त्या बाईवर काढलं. म्हटलं, तुमच्यापैकी किती जणींना ती वाचायला शिकवून गेली. म्हटलं, म्हातारी झाली म्हणून बाजूला सारता. म्हटलं, मधे कोणी बसत नाही हा तुमचाच नियम ना, मग आता कुठे गेला. त्या ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी साधंच विचारलं.

"वयाचं नाही म्हणत मी. मागच्या वर्षी याच वयाच्या होत्या न? त्या येतात तेव्हाच घामाघूम असतात, बसायच्या आधीच दम भरलेला असतो. इतक्या लांबून चालत येतात का? येतात कशानं त्या?"

गाडी टाकीआड आहे हे न सांगता मी चपला घालायला लागले.

आईला त्यांनी आत सांगितलं होतंच. ती काठी घेऊन फाटकाबाहेर उभी होती. आम्ही टाकीपर्यंत चालत आलो. ती पाठ करून उभी राहिली, रेलिंग धरलं, टेकली, पाय उचलून फळीवर ठेवला. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"आई, तू त्यांले काऊन नाही सांगितलं? चालत यावं लागते म्हणून दम लागते म्हणून?"

"मंग त्या म्हनल्या असत्या, गाडी कुठं हाय."

"तं?"

"तं तुले ते पाहिजे नव्हतं."

ती पायावरची साडी नीट करत होती.

"चिखल वाळला तेव्हाच समजलं मले. पयल्या दिवशीच समजलं होतं खरं पाह्यलं तं. तुले लाज वाटते. वाटू दे. तू दिवसभर लोकाइचं ऐकते, मले दिसत नाही काय? म्हटलं, एवढं चालून घेऊ." मग म्हणाली, "मले लाज नोती वाटत पोरी. मले त्या फाटकापुढं उतराचं होतं. सगळ्याइच्या समोर. तुह्या बाबानं महिनाभर बसून केली माह्यासाठी. सारा जनम दुसऱ्याइचे प्लॅटफॉर्म केले त्यानं, हा एक माह्यासाठी. हे मले दाखवाचं होतं."

ती रागावली असती तर मी भांडले असते. मला भांडता येतं. रागावली नाही ती. घरी बाबा दारात होते, जोड पाहिले, विचारलं. आई म्हणाली, "आज तं लयच तारीफ झाली."

बाबांना खरं सांगावं म्हणून मी दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. आजही सांगितलेलं नाही. माझ्या भित्रेपणाची मला चीड येते, पण सांगून त्यांचं जेवण काढून घ्यायची हिंमतही होत नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना आई म्हणाली, आता ऐकायलाच तर जायचं, नाही गेलं तरी चालेल. मी तिची साडी काढून दिली. पुलावर नेहमीसारखा कोणीतरी ओरडला, कोणीतरी मोबाइल काढला. टाकी आली. मी गाडी हळू केली नाही. वळण घेतलं आणि विहाराच्या फाटकासमोर, जिथे बाया चपला काढतात तिथे, मधोमध नेऊन थांबवली.

झालं ते मला वाटलं होतं तसंच. बायांची तोंडं उघडी राहिली. दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. एकजण म्हणाली, "अवो माय, हे काय बसवलं वो?" एका म्हातारबाबांनी चष्मा काढून पुसला. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. आई घाईत नव्हती. तिने पाय फळीवरून खाली घेतला, वरचा पाइप धरला आणि उभी राहिली. अंगावर घाम नाही, साडीची घडी न मोडलेली.

"कोनं बनवली वो हे?" हसणाऱ्यांपैकीच एकीने विचारलं.

"माह्या घरच्यानं," आई म्हणाली. "सोता बसून. वरचा पाइप हाताले, मधला घसरू नये म्हणून, आन् ही पट्टी पायाले. पाहा हात लावून."

तिने हे मोठ्याने सांगितलं, एकदाही न थांबता, एका दमात. फाटकापासून व्हरांड्याच्या शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं असेल. तो आवाज मी तीन आठवडे ऐकला नव्हता.

आत वंदना झाली आणि पाटासमोर दुसरी बाई बसली. तिने ग्रंथ उघडून वाचायला सुरुवात केली, आणि एकदा उठलेला परत बसत नाही या नियमाप्रमाणे आता समाप्तीपर्यंत तीच वाचणार होती.